मागून हललेली मान

अनसूयाबाई दर बुधवारी आठवडी बाजारात गायच्या. गाता गाता लोकांना मांडीवर ताल धरायला शिकवायच्या आणि तालाचा फेरा जिथे पुरा होतो, ती सम ओळखायलाही. संस्थानचे दिवाण दाजीसाहेब भडकले. "गाणं बाजारात मांडलंत. त्या भाजीवाल्यांना सम कळते हे दरबारात दाखवा, नाहीतर गाव सोडा."

दरबार भरला. एकीकडे मानकरी, दुसरीकडे अंग चोरून बसलेले बाजारकरी. बाई गाऊ लागल्या. दिवाणांची मान हलली की मागोमाग मानकऱ्यांच्या माना हलत. बाजारकरी ढिम्म. बाईंनी ते पाहिलं. मग ऐन तानेत त्या थांबल्या आणि हाताच्या खुणेने त्यांनी तबलाही थांबवला.

सगळीकडे चिडीचूप. मानकऱ्यांनी दिवाणांकडे पाहिलं, दिवाणांनी तबलजीकडे. तेवढ्यात बाजारकऱ्यांचे हात एकदम मांडीवर पडले.

"बरोबर समेवर," तबलजी पुटपुटला.

त्या हातांमागोमाग दिवाणांचीही मान हलून गेली होती. सावरत ते म्हणाले, "पोपटपंची आहे ही. मान हलवायला जाणकार लागतो."

"खरंय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आज आपली मान बाजारामागून हलली, दिवाणसाहेब. बुधवारी लवकर या, पुढच्या सतरंजीवर जागा ठेवते."