डोक्यामागे पैसे

ठकूबाईचं कुणी खरं मानलं नाही. भावाने नाही, कारागिरांनी नाही, गावाने तर नाहीच. बाईमाणूस, त्यात टॉवेल धुणारी. तिला धंद्यातलं काय कळणार?

एका बाजारगावात एक केशकर्तनालय होतं. ठकूबाईच्या वडिलांनी, तात्यांनी, ते उभं केलेलं. तात्यांची रीत साधी होती. आरशाखाली पत्र्याचा एक डबा. दिवसभराची कमाई त्यात पडायची. संध्याकाळी दुकानाचा हिस्सा बाजूला काढायचा आणि उरलेलं सगळ्या कारागिरांत सारखं वाटायचं. मग कुणी दिवसभर खुर्चीमागे उभा राहिलेला असो, कुणी आजाऱ्याची दाढी करायला घरी गेलेला असो, की कुणाच्या दहाव्याला नदीवर डोकी भादरायला गेलेला असो. नदीवरचे पैसे तात्या घेत नसत. "रडत्या माणसापुढे हात पसरायचा नसतो," म्हणायचे. पण जाणाऱ्याचा वाटा डब्यात शाबूत असायचा.

पुढे तात्याच अंथरुणाला खिळले. दुकान मुलाकडे, त्र्यंबककडे आलं. कारागीर दोन. केरूकाका म्हातारा, संथ, पण हात असा हलका की गिऱ्हाइकाला खुर्चीतच डुलकी लागावी. दिनकर तरणा आणि चपळ.

दिनकर एक दिवस त्र्यंबकला म्हणाला, "मालक, खुर्ची मी तापवायची आणि वाटा काकांनी खायचा? हा कुठला न्याय?"

तक्रार अगदीच खोटी नव्हती. त्र्यंबकने डबा उचलून माळ्यावर टाकला. उद्यापासून डोक्यामागे निम्मे. जो जेवढी डोकी करील, तेवढं त्याचं.

ठकूबाई टॉवेल पिळत होती. ती म्हणाली, "आणि नदीवर कोण जाईल रे?"

"ज्याला पुण्य पाहिजे तो जाईल."

"पुण्यानं चूल पेटत नाही, त्र्यंबक. तू ज्याचे पैसे देशील तेवढंच लोक करतील. बाकीचं मरेल."

"आक्का, तू टॉवेल धू."

दिनकर फिदीफिदी हसला.

गल्ला फुगला, हे खरं. पण रडकी पोरं दारातूनच परत जाऊ लागली. दाढीनंतर तुरटी फिरवायला कुणाला सवड राहिली नाही. खाली पडलेले केस कुणी झाडायचे यावरून भांडणं व्हायची, आणि शेवटी झाडू ठकूबाईच्याच हातात यायचा.

केरूकाका तेवढा जुन्या रीतीने चालत राहिला. सकाळी तात्यांची दाढी करायचा, मग आणखी दोन-चार अंथरुणं फिरायचा, मग दुकानात यायचा. तोवर गिऱ्हाइकं दिनकरने उरकलेली असायची. घरात ओढाताण सुरू झाली तसा म्हाताराही घाई करू लागला. घाईत वस्तरा घसरला आणि एका व्यापाऱ्याचा कान कापला.

"काका, आता घरी बसा," त्र्यंबक म्हणाला.

केरूकाकाने हत्यारांची धोकटी काखेला मारली. तात्यांच्या दारापर्यंत आला, पण आत गेला नाही. "आक्का, त्यांना सांगू नका," एवढंच म्हणाला आणि लेकीच्या गावी निघून गेला.

तात्या रोज सकाळी हनुवटी चाचपायचे. "केरू आला का?"

"येतोय, तात्या." ठकूबाई खोटं बोलायची आणि दुकानाकडे धावायची. "दिनकर, बाबा, म्हाताऱ्याची एक दाढी कर."

"लगीनसराई आहे, आक्का. उद्या नक्की."

तो उद्या उगवलाच नाही. ज्याने अख्ख्या गावाची तोंडं तुळतुळीत केली, तो माणूस खुरट्या दाढीनिशी सरणावर गेला.

दहावा नेमका बाजाराच्या दिवशी आला. त्र्यंबक नदीवर डोकं उघडं करून बसला. दिनकर येतो म्हणाला होता. ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नाही. माणूस धाडला तर निरोप आला, "खुर्च्या भरल्यात. सोडल्या तर गिऱ्हाईक जाईल. डोक्यामागे पैसे मालकांनीच लावलेत." शेजारच्या गावचा कारागीरही बाजारादिवशी हलेना.

स्वतःचं डोकं स्वतःला भादरता येत नाही, मग तो दुकानाचा मालक का असेना.

भटजी खोळंबले. भाऊबंद चुळबुळू लागले. तेव्हा ठकूबाई उठली. सोबत आणलेल्या तात्यांच्या धोकटीतला वस्तरा तिने काढला, भावाचं डोकं भिजवलं आणि भादरलं. कुणी "अगं, बाईनं…" म्हणालं. ती म्हणाली, "मग पुरुष आणा." कुणी हललं नाही. तिला सवय नव्हती. चार ठिकाणी रक्त आलं.

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. एकही खाली येईना.

ठकूबाई भावाच्या कानाशी वाकली. "बोल, त्र्यंबक. डबा परत ठेवतो म्हण. केरूला आणतो म्हण. त्यांचा जीव त्यातच अडकलाय."

त्र्यंबकने ओठ हलवले. मग त्याला दिनकर आठवला, भरलेल्या खुर्च्या आठवल्या. तो गप्प बसला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

वर्ष फिरायच्या आत दिनकरने समोरच स्वतःचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकं त्याच्या मागे गेली. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या तर आधीच तुटल्या होत्या. त्र्यंबकच्या खुर्च्यांवर धूळ बसली.

तात्पर्य: ज्या कामाचे पैसे येत नाहीत त्याचाही वाटा ठेवावा, तो काढून घेतला की आपल्यावर वेळ येते तेव्हा ते काम करायला कुणी उरत नाही. पण हे तात्पर्य त्या गावाला सांगू नका. तिथे विचारा, एवढं चालतं दुकान बुडालं कुणामुळे? बाईने वस्तरा धरला, कावळा शिवला नाही, तिथूनच अवकळा आली, असं लोक सांगतील. आणि त्र्यंबकसकट सगळे एकच नाव घेतील.

ठकूबाई.