लिंबाचा परवाना

नगराध्यक्ष दौलतराव भोईटे मुलाला घेऊन परिवहन कार्यालयात आले, ते थेट निरीक्षक यामिनी खरात यांच्या टेबलापाशी.

"विश्वजितला आजच परवाना पाहिजे. परीक्षाबिरीक्षा नको. गाडीला लिंबू-मिरची बांधलीय, दर शनिवारी ताजी. काही होत नाही."

ही गाडी रोज कन्याशाळेसमोरून जाणार होती, तेही शाळा सुटायच्या वेळी. पण नाही म्हटलं तर बदली ठरलेली. यामिनीबाईंनी शिपायाकरवी गाडीचं लिंबू आणवलं, टेबलावर ठेवलं आणि अर्ज भरायला घेतला.

"नाव लिंबू. वय, शनिवारपासून पाच दिवस. साहेब, हे सही करेल की अंगठा देईल?"

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"गाडी सांभाळणारं हेच, तर परवानाही याचाच. फक्त नजर तपासायची राहिली." त्यांनी लिंबू भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे वळवलं. "वरची ओळ वाच, बाळा."

रांगेतली माणसं गंभीरपणे उत्तराची वाट बघू लागली.

दौलतराव लालबुंद झाले. "अहो बाई, लिंबू कधी गाडी चालवतं का?"

"नाही ना?" यामिनीबाईंनी अर्ज फाडला. "मग जो चालवतो, त्याची परीक्षा घेऊ."

आता सगळ्या रांगेसमोर दौलतराव शब्द फिरवणार कसे? विश्वजित परीक्षेसाठी गाडीत बसला. मग त्याने खिडकीतून डोकं काढून हळूच विचारलं, "बाबा, ब्रेक मधला की कडेचा?"

त्या दिवशी दौलतराव घरी पायी गेले. रस्त्याच्या अगदी कडेने.