माईंच्या गाडीचा धूर

“आता मी आणखी काय करायचं राहिलंय, माई?”

चिदंबरानं हातातला कागद माईंच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. धुराच्या तपासणीत गाडी पुन्हा नापास झाली होती.

माई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. घाटाच्या पायथ्याशी त्यांचा लहानसा मठ. गुडघे गेल्यापासून एका भक्तानं दिलेली जुनी डिझेल गाडी हेच त्यांचे पाय. ती चालवणारा चिदंबर हा त्यांचा पट्टशिष्य. म्हणजे असं तो स्वतःच सांगायचा.

गाडीचं वय केव्हाच उलटलं होतं. पीयूसी नाही तर फेरनोंदणी नाही, आणि फेरनोंदणी नाही तर गाडी थेट भंगारात. या विचारानं चिदंबराला दोन घास गोड लागत नव्हते.

“फिल्टर बदलले. ऑइल बदललं. नोझल काढून साफ करून घेतले. मेकॅनिक म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे.”

“मग धूर कुठून येतो?”

“तो तपासणारा माणूसच तसला आहे! अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबतो. गाडी किंचाळते हो. मी म्हटलं, बाबा रे, हळू दाब, माईंची गाडी आहे. ऐकेचना. शेवटी मी त्याची कॉलर धरली.”

माईंचा हात थांबला.

चिदंबराच्या शांतपणाचं मठात फार कौतुक होतं. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटू नये याची काळजी तो स्वतःच घ्यायचा.

“तू कशी चालवतोस गाडी?”

“मठातून नदीवर, नदीवरून मठात. तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलो नाही. तुमच्या पोटातलं पाणी हलू दिलं नाही, माई.”

ते खरंच होतं. मागच्या सीटवर पांढराशुभ्र अभ्रा, त्यावर माईंशिवाय कुणी बसायचं नाही. परत आलं की गाडी पुसायची आणि कव्हर घालायचं. ते कव्हरही त्यानं स्वतःच्या हातानं शिवलेलं.

माईंनी आठळ्यांचं ताट बाजूला सारलं.

“घाटावर धूर मोजत नाहीत का रे?”

“मोजतात की. पण घाट? या वयात? माई, गाडी मरेल!”

“चल.”

घाट सुरू होतो तिथं रस्त्याकडेला चार बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. वरच्या गावचा आठवड्याचा बाजार होता आणि एसटी आली नव्हती.

“थांबव.”

“माई, सुकी मासळी आहे ती...”

“माझ्या नाकालाही कळलंय. थांबव.”

बायांमधली मनोरमाबाय खिडकीशी आली आणि जागच्या जागी घुटमळली. “माई, टोपलेक वास येता हां. मागसून बोलू नकात.”

माई सरकून कोपऱ्यात बसल्या. बाया दाटीवाटीनं आत आल्या. एका टोपलीला काही केल्या जागा होईना, ती माईंनी स्वतःच्या मांडीवर घेतली. जन्मात मासळीला हात न लावलेल्या माईंनी! चिदंबरानं आरशातून ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

पहिल्याच वळणावर गाडी धापा टाकू लागली. मागं काळाकुट्ट धूर.

“माई, उतरवू या का यांना?”

“दाब.”

“गाडी ओरडतेय, माई!”

“मग ओरडू दे. दाब.”

त्यानं दाबला. रागानं दाबला. गाडी किंचाळली आणि धुरानं मागचा रस्ता गिळून टाकला. पुढच्या वळणावर एक ट्रक आडवा आला, तेव्हा चिदंबरानं खिडकीतून डोकं काढून अशी खणखणीत शिवी हासडली, की मागं क्षणभर कुणी श्वास घेतला नाही...

मग मनोरमाबाय हसली. मग चौघीही हसल्या. आणि सगळ्यांच्या वर माईंचं हसू ऐकू आलं.

चिदंबराचे कान तापले. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, हे त्याला नाकारता येईना. त्याला चक्क बरं वाटत होतं.

चढ संपता संपता त्यानं आरशात पाहिलं. मागचा रस्ता दिसत होता. झाडं दिसत होती. धूर कुठं गेला, कधी गेला, त्याला कळलंच नाही.

“आधी तपासणी, मग बाजार,” माई म्हणाल्या.

इथल्या तपासणाऱ्यानंही नळी लावली आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. चिदंबराचे हात शिवशिवले. मग ते त्यानं मागं बांधले. गाडी मोकळ्या गळ्यानं गर्जली, एकदा, पुन्हा, पुन्हा...

“पास,” तो माणूस म्हणाला. “घाट चढून आलात ना? आत साचलेली काजळी जळून गेली.”

चिदंबर रडला. भर दिवसा, चार बायांच्या देखत.

बाजारात टोपल्या उतरल्या. आज गर्दी फार होती, मनोरमाबायच्या वाट्याला नुसती मातीची जागा आली. माईंनी डिकी उघडायला लावली, आतलं गाडीचं कव्हर काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“माई! ते कव्हर...”

तोवर ते अंथरून झालं होतं. वर बांगडे मांडले जात होते.

चिदंबर बघत राहिला. अभ्र्यावर खवले, मिठाचे डाग. गाडीत असा वास, की महिनाभर जाणार नाही. वाकून त्यानं एक खाली पडलेला बांगडा उचलला आणि रांगेत नीट ठेवला.

“पण माई, आता गाडी झाकायची कशानं?”

माई गाडीकडे निघाल्या होत्या. मागं वळून त्या म्हणाल्या,

“माणसांनी.”