खाडीतल्या तेलाची घाई

खाडीच्या तोंडाशी तेल सापडलं आणि मंत्री रणधीरराव थेट ग्रामसभेला आले. तेलविहीर झाली तर मासेमारी बुडेल, या धास्तीने सगळा कोळीवाडा सभेला जमला होता.

"कोट्यवधी वर्षं ही दौलत समुद्राखाली पडून आहे," मंत्री कडाडले. "आता थांबलात तर ती वाया जाईल. आजच ठराव करा, निवडणुकीआधी काम सुरू झालं पाहिजे."

सरपंच द्रौपदी तांडेल सावकाश उठल्या. "साहेब, आम्ही मासळी विकणारी माणसं. काय कधी नासतं, ते आम्हाला कळतं. कोट्यवधी वर्षं टिकलेलं तेल मतदानापर्यंत सहज टिकेल. खुर्ची नासायची भीती असेल, तर जाताना आमच्याकडचा बर्फ घेऊन जा."

मंत्र्यांचा स्वीय सहायकसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसला. ठराव लांबणीवर पडला.