सात पाण्यांचे वाल

ती समोरची डोंगरउतरण दिसते ना पावणं, ते हिरूचं वरकस, उताराचं हलकं रान. तिथं कुणी नांगर घालत नाही की पेरत नाही, तरी थंडी पडली की रानवालाचे वेल आपसूक वर येतात. मटणाच्या वरताण बळ देणारं कडधान्य, पण कडू जहर! सात वेळा पाण्यात भिजवायचं, सातही पाणी फेकून द्यायचं, तेव्हा कुठं ते पोटात घालायचं.

हिरूनं आणि तिच्या नवऱ्यानं, म्हादूनं, झाडोरा तोडून ती जमीन लागवडीला आणली, असं सांगतात. गावच्या दादाजी खोताचा त्या जमिनीवर डोळा. शेंगा भरल्या तशी त्यानं आपली गुरं आत सोडली. म्हादू आडवा गेला. खोताच्या माणसांनी त्याला काठ्यांनी असा झोडपला की दिवस मावळायच्या आत तो गेला. वर खोत म्हणतो कसा, "गुरांच्या वाटेत यायचं काय नडलं होतं त्याला?"

हिरू रडली नाही म्हणे. पुढल्या साली तिनं एकटीनं तेच शेत पेरलं, वाल झोडले आणि टोपली डोक्यावर घेऊन खोताच्या दारात उभी राहिली. "नवं पीक आहे खोत. बिरडं करून घालते."

माजोरड्याला वाटलं, आली बाई ताळ्यावर. जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता मेल्यानं, सात पाण्यांची त्याला काय गंधवार्ता? हिरूनं एकही पाणी फेकलं नाही. गूळ लोटला, नारळाचं वाटण सढळ हातानं घातलं आणि कडूपणा पार बुजवून टाकला. पण खोतही कावेबाज. म्हणाला, "आधी तू खा."

हिरू बसली. भरली वाटी तिनं पापणी न हलवता संपवली. मग खोतानं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली.

"गोड लागलं ना खोत?" तिनं विचारलं. "म्हादूच्या शेतातलं आहे."

उन्हं कलायच्या आत दोघंही गेली. पण हिरू आधी नाही हो गेली! खोताचे डोळे पांढरे झालेले बघूनच तिनं मान टाकली, असं म्हणतात.

आजही आमच्या बायका पाहुण्याला पान वाढताना "सात पाण्यांचं आहे, जेवा" असं सांगतात. ते ऐकल्याशिवाय गावात कुणी घास उचलत नाही. फक्त त्या खोताच्या वंशातलं कुणी आलं, तर पान वाढतात, आग्रहही करतात, पण तेवढं बोलत नाहीत. चला, जेवायची वेळ झाली. अरे हो, तुमचं आडनाव विचारायचं राहिलंच की!