फाटकाकडची बास्केट

कृष्णाकाठच्या एका गावात मुलींचं एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजला बास्केटबॉलचा भारी अभिमान. दाखला मागायला आलेल्या पालकालाही शिपाई आधी करंडक दाखवी, मग खिडकी. नऊ वर्षं सलग जिंकलेला तो फिरता करंडक दहाव्यांदा जिंकला, की कायमचा कॉलेजचा होणार होता. कप्तान कस्तुरीचं हे शेवटचं वर्ष. तिची तर झोपच उडाली होती.

सामने दरवर्षी याच कॉलेजच्या मैदानावर होत. यजमान म्हणून बाजू तेच निवडत आणि उत्तरार्धात फाटकाकडच्या बास्केटवर हल्ला करत. नऊही अंतिम सामने तिथेच जिंकलेले. त्यामुळे शेवटच्या मिनिटाचा सराव कायम त्याच बास्केटखाली चाले. बॉल रिंगवरून उसळला, की उडी मारायची, झेलायचा आणि तसाच वर टाकायचा.

यंदा मात्र बाजूसाठी नाणेफेक झाली. पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेल्या एका नवख्या कॉलेजनं ती जिंकली आणि उत्तरार्धात हल्ल्यासाठी फाटकाकडची बास्केट मागून घेतली.

संघाच्या प्रशिक्षक सबनीस मॅडम म्हणाल्या, "कस्तुरी, दोन दिवस आहेत. सराव समोरच्या, टाकीकडच्या बास्केटवर घे."

"टाकीकडच्या बास्केटनं आपल्याला कधी काय दिलंय, मॅडम? नऊ वर्षांचा इतिहास आहे आपला."

"इतिहास उडी मारायला येत नाही, बाळा."

कस्तुरीनं ते हसण्यावारी नेलं. दोन्ही दिवस सराव फाटकाकडेच झाला.

अंतिम सामना अटीतटीचा झाला. चार सेकंद उरले, तेव्हा कस्तुरीचा संघ एका गुणानं पुढे होता. समोरच्या मुलीनं फाटकाकडच्या बास्केटवर शेवटचा नेम धरून बॉल फेकला. बॉल रिंगवर आदळून उसळला. कस्तुरीनं सगळ्यांच्या वर उडी घेऊन तो झेलला. आता नुसता छातीशी धरून ठेवायचा होता.

तिनं तो तसाच वर टाकला. बॉल रिंगला न शिवता जाळीतून खाली आला आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली.

दोन्ही हात उंचावून कस्तुरी जल्लोषाची वाट पाहत उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. जिंकलेल्या पोरीसुद्धा डोळे फाडून तिच्याकडे बघत होत्या. पंचांनी दोन बोटं वर केली आणि दोन गुण समोरच्या संघाच्या खात्यात दिले.

संघातली धाकटी नसीम रडत धावत आली. "ताई, ही बास्केट आज त्यांची होती गं!"

"ठाऊक होतं," कस्तुरी आपल्या हातांकडे बघत म्हणाली. तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता. "मला ठाऊक होतं, नसीम. या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं."

संध्याकाळी करंडक दुसऱ्या गावाला गेला.

तात्पर्य: दिशा बदलली हे नुसतं कळून भागत नाही, जुन्या यशाची सवय मोडायला नव्या दिशेनं घाम गाळावा लागतो.