उरलेली चकती

"चकती काढा."

"नाही काढणार."

"मग मारा किक आणि धरा वाट. माझा सोपा तरी मोकळा हुईल."

चिरमुले मास्तरांनी हातातला पाना सोप्याच्या पायरीवर आपटला. "पण का काढू, गोदाक्का? आवाज गेलाय! सहा महिने तीन-तीन मेकॅनिकांना जो सापडला नाही, तो मी घालवला. एका चकतीनं. आणि तुम्ही म्हणता, काढ!"

"काढ न्हाई म्हटलं. काढा म्हटलं. पाहुण्याला मान देते मी."

...

मास्तर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवली होती. पोरानं प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर फळ्यावर उमटलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक चाळीस वर्षांची जुनी फटफटी घेतली. घराच्या मागच्या पडवीत तिचा सांगाडा सुटा केला, पुस्तक उघडं ठेवून एकेक भाग घासला, रंगवला, बदलला. टाकीत बघून भांग पाडावा, अशी ती चकाकली.

पण सुरू केली की पोटातून आवाज यायचा. टक... टक... टक.

बेअरिंग बदललं. टक. दातेरी चाकं बदलली. टक.

तो आवाज जेवताना पानाशी येऊन बसायला लागला. बायको म्हणाली, "अहो, विकून टाका ती." पण पोरांच्या चार पिढ्यांना दोष शोधायला शिकवलेल्या माणसाला आपल्याच पडवीतला एक दोष सापडेना, हे गाडी विकून थोडंच जाणार होतं?

मग कुणीतरी गोदाक्काचं नाव सांगितलं.

गारगोटीच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी तिचं घर. तिचा नवरा फटफटीवर दुधाचे कॅन लादून घाट उतरायचा-चढायचा. गाडी बंद पडली की ढकलत घरी आणायचा आणि राग बायकोवर काढायचा. एक दिवस आक्कानं पदर खोचला आणि अंगणात इंजिनच उघडलं. त्या दिवसापासून गाडीही सरळ चालली आणि नवराही. शाळेची पायरी न चढलेली ही बाई लाटण्याचं एक टोक इंजिनाला टेकवायची, दुसरं कानाला लावायची आणि सांगायची, कुठं दुखतंय ते. आता ती पंच्याहत्तरीला आली होती. लाटणं तेच होतं.

मास्तरांना ते ऐकणं शिकायचं होतं. तेवढ्यासाठी ते आठवडाभर गारगोटीत लॉजवर राहिले होते.

पहिल्या दिवशी आक्कानं लाटणं टेकवलं मात्र, मास्तर बोलू लागले. "गिअरबॉक्सचाच आहे हा. क्लच दाबला की मंदावतो, त्यावरून कळतं. माझं असं मत आहे की..."

मत संपायला पाऊण तास लागला. तोवर लाटणं केव्हाच खाली गेलं होतं आणि आक्का लसूण सोलत बसली होती.

"गिअरबॉक्स खोला," ती म्हणाली. "सगळं कागदावर मांडा. परत भरा. मग बगू, शिकवायचं का न्हाई ते."

मास्तरांनी खोलला. जुन्या वर्तमानपत्रावर भाग ओळीनं मांडले, एकेकाखाली पेन्सिलीनं आकडा घातला. मधे जेवायला उठले, हात धुऊन आले, भरायला बसले. सगळं भरून झालं आणि कागदावर एक पितळेची चकती उरली. रुपयाएवढी, मधे भोक असलेली. तिच्याखाली आकडा नव्हता.

मास्तरांनी आकडे पुन्हा मोजले.

"काय उरलं का?" आतून आक्कानं विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चकती खिशात सारली.

लॉजवर जाऊन त्यांनी पुस्तक पालथं घातलं. एकाही आकृतीत ती चकती नव्हती. जन्मभर पुस्तकाचा शब्द खाली पडू न देणारे मास्तर, त्यांनी पहिल्यांदा पुस्तकालाच नावं ठेवली. छापायची राहिली असणार! दुसऱ्या दिवशी आक्का बाजाराला गेलेली बघून त्यांनी कव्हर पुन्हा उतरवलं. खालच्या शाफ्टच्या टोकाला ती चकती अशी बसली, जशी त्याच जागेसाठी घडवलेली.

किक मारली. आवाज बंद!

चार दिवस ते गावातून गाडी मिरवत फिरले. आज सकाळी आक्कासमोर येऊन छाती काढून म्हणाले, "एक चकती होती, तिची जागा मी शोधून काढली. आता शिकवा ऐकायला. उद्या घाट उतरून घरी जायचंय."

आणि आक्का म्हणाली होती, चकती काढा.

"कारण सांगा," मास्तर आता म्हणाले. "शास्त्राला धरून एक कारण सांगा. लगेच काढतो."

आक्का उठून आत गेली. बाहेर आली ती कडेवर शेवयांचं यंत्र घेऊन. पाटाला जखडलेलं, हातानं फिरवायचं, पितळी यंत्र. तिनं ते मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं, ओल्या फडक्याखालून रव्याचा मऊ गोळा काढून वरच्या तोंडात घातला.

"हे कशाला?"

"फिरवा दांडा."

मास्तरांनी फिरवला. दांडा डुगडुगला, खुळखुळला. खालून बोटबोटभर शेवया पडल्या, तुटून.

"ढिलं झालंय," मास्तर लगेच म्हणाले. "शाफ्ट आत-बाहेर खेळतोय. टोकाला एक चकती घाला. पितळेची. साधारण रुपयाए..."

ते थांबले.

...

मास्तरांनी दांड्यावरचा हात काढला.

"ती चकती... यातली?"

"सहा दिस झाले. गल्लीतल्या बाया रोज इचारतात, आक्का, यंत्र कदी देतीस? काय सांगू? आमचं यंत्र फटफटीत बसून गावातनं फिरतंय?"

मास्तरांचे कान लाल झाले. "म्हणजे मी जेवायला गेलो तेव्हा तुम्ही मुद्दाम... ही फसवणूक आहे, गोदाक्का! शुद्ध फसवणूक!"

"मी कागदावर ठेवली. गाडीत कुणी घातली?"

"मला वाटलं..."

"इचारलं हुतं मी. काय उरलं का म्हणून."

...

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हार मानायची सवय नव्हती. "बरं. चकती तुमची, कबूल. पण शेवयांच्या यंत्रातली असो नाहीतर देवाच्या मुकुटातली, आवाज गेला की नाही? ते बोला!"

"गेला? कुठं गेला? रडत्या पोराच्या तोंडात बोळा कोंबलाय तुमी, आणि गावाला सांगत फिरताय, पोर शानं झालं."

"ही उपमा झाली. कारण नव्हे."

आक्कानं पायानं एक जुनी परात गाडीखाली सरकवली. "तेल सोडा."

मास्तरांनी खालचा बोल्ट सैल केला. काळं तेल परातीत उतरलं. आक्कानं त्यात एक बोट बुडवलं, उन्हात नेलं आणि मास्तरांच्या डोळ्यांपुढं धरलं.

काळ्या बोटावर सोनेरी कण चमकत होते.

चार दिवसांत चकती खरवडून तेलात उतरली होती. ज्या जागी ती इतकी घट्ट बसली होती, तिथं ती स्वतःला आणि शाफ्टला खात होती. मास्तरांना हे कुणी समजावून सांगायला नको होतं. उद्या घाटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर काय झालं असतं, तेही.

आक्कानं बोट तसंच धरून ठेवलं.

...

मास्तर खाली बसले. पाना उचलला. कव्हर उतरवलं, चकती काढली, दोन्ही हातांनी पुढं केली. पुरस्कार परत करताना माणूस जसा दिसेल, तसे ते दिसत होते.

आक्कानं चकती रॉकेलमध्ये धुतली, राखेनं घासली, पाण्यातनं काढली. झिजलेली बाजू अंगठ्यानं चाचपली, ती आत करून यंत्रात बसवली आणि दांडा फिरवला. लांबच्या लांब शेवया सुटल्या.

"हं. अजून चालतीय बिचारी."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी गिअरबॉक्स भरला. या वेळी कागदावर काही उरलं नाही. तरी त्यांनी कागद उचलून खाली बघितलं, झटकला, पुन्हा बघितलं. मग नवं तेल घातलं आणि किक मारली.

टक... टक... टक.

चार दिवसांनी तो आवाज परत आला होता. जसाच्या तसा. मास्तर गाडीशेजारी उभे राहून ऐकत राहिले. तीन उत्तरं जिभेवर आली. बुश असणार. नाहीतर शाफ्ट वाकला असणार. नाहीतर... त्यांनी एकेक करून तिन्ही गिळली. घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.

"आक्का," ते म्हणाले, "कशाचा आहे हा आवाज?"

सहा महिन्यांत त्यांनी हा प्रश्न चार जणांना विचारला होता. प्रत्येक वेळी पुढं आपलं उत्तर जोडून. आज पुढं काही जोडलं नाही.

आक्कानं कोनाड्यातलं लाटणं घेतलं. एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले.

टक... टक...

तिनं लाटणं दोन बोटं पुढं सरकवलं. मग खाली. मग परत मागं. कपाळावर आठी पडली, उलगडली, पुन्हा पडली. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या फळ्याकडे पोरांनी बघावं तसे. धूर सोप्यात भरला. रव्याच्या गोळ्यावरचं फडकं सुकलं. तरी ती ऐकतच होती.

शेवटी मास्तरांचा बांध फुटला.

"आता तरी सांगा हो! तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चकती काढली, तेल सोडलं, तोंडावर आपटलो, अजून काय करू? माहीत असून सांगत नाही, हा कुठला न्याय? किती छळणार आहात एका माणसाला?"

आक्कानं डोळे उघडले. कानाला लावलेलं टोक पदरानं पुसलं आणि लाटणं मास्तरांच्या हातात दिलं.

"मलाबी न्हाई ठाऊक अजून; बस खाली, लाव कान."